फिर्यादी नसलेले गुन्हे

ज्या कृत्याने दुसऱ्या कोणाचे नुकसान होत नाही, ज्याविरुद्ध फिर्याद द्यायला कोणी पुढे येत नाही, ते गुन्हा ठरवावे काय, हा पाश्चात्त्य विधिविचारातील जुना वाद आहे. मिलने १८५९ साली त्याचा पाया घातला. पुढे १९६५ मध्ये एडविन शूर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 'पीडिताविना गुन्हे' अशी मांडणी केली. गर्भपात, समलिंगी संबंध आणि व्यसन हे त्याच्यापुढचे प्रश्न. वाद व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा होता. मराठवाड्यात मात्र ही चर्चा व्यक्तीपासून नव्हे, जातीपासून सुरू करावी लागते.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचा कायदा आला. लक्ष्मण गायकवाडांचे धनेगाव लातूर तालुक्यातले. त्यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला जमातीचेच नाव दिले, 'उचल्या'. या कायद्यात पीडित नव्हता आणि कृत्यही नव्हते. अमक्याच्या पोटी जन्मला एवढा पुरावा पुरे होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला जमाती 'विमुक्त' झाल्या. पण १९५१ च्या पोलीस कायद्यात कलम १२२ आहे : चोर म्हणून ख्याती असलेला माणूस सूर्यास्तानंतर रस्त्यावर घुटमळताना सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तो दोषी. ही 'ख्याती' कोणी दिली, हे कलम विचारत नाही.

दारूची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. निजामाच्या काळी शिंदी-दारूचे मक्ते दिले जात आणि अबकारी हे तिजोरीचे मोठे उत्पन्न होते. पिणे गुन्हा नव्हता, मक्तेदाराला चुकवणे गुन्हा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि पाठोपाठ १९४९ चा दारूबंदी कायदाही आला. आता पिणारा गुन्हेगार झाला. मात्र प्रकृतीच्या कारणास्तव परवाना काढायची सोय त्यातच होती. तालुक्याच्या वकील-सावकाराची प्रकृती अशी नाजूक, आणि मांगवाड्यातला माणूस मात्र ठणठणीत! पुढे १९७३ साली देशी दारूसाठी वेगळे नियम झाले. साखर कारखान्याच्या मळीची दारू शिक्का लावून विकली की महसूल, आणि गूळ-नवसागराची हातभट्टी पेटली की कलम ६५. छापा पडतो, रसायन ओतून देतात, पोलीसच फिर्यादी असतात. पंचांची नावे तर वस्तीतल्या पोरांनाही आधीच ठाऊक असतात.

म्हणून हातभट्टीचे समर्थन मी करणार नाही. दारूच्या गुन्ह्यात पीडित नसतो असे म्हणणाऱ्याने पगाराच्या संध्याकाळी वीटभट्टीवर जाऊन यावे. मार खाणारी बाई तिथेच असते. पण खटल्याच्या कागदात ती नाही, तिथे दिसते फक्त सरकार. पुढे परवान्याचे दुकान बंद करायला बायकांच्या मतदानाची तरतूद झाली. त्यात गावातील महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडवी बाटली' निवडावी लागते. आमदार निवडायला एवढी मते लागत नाहीत.

आणि जिथे पीडित डोळ्यांसमोर होता तिथे काय झाले? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला. त्यानंतर नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळले. वस्त्याच्या वस्त्या पेटल्या. जातीय अत्याचाराला अत्याचार म्हणणारा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८९ मध्ये आला. आपल्याला आरोपी म्हणून ओळखायला राज्यसंस्थेने १८७१ मध्येच यादी केली होती. पीडित म्हणून ओळखायला तिला आणखी ११८ वर्षे लागली.

तीही ओळख सर्वांना मिळाली नाही. तो कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता आहे. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात कैकाडी अनुसूचित जातीत आहे, अलीकडे नांदेडात तोच कैकाडी विमुक्त जातीत. काठी तीच, शिवी तीच. पण नदीच्या अलीकडच्या काठावर ठाणेदाराला अत्याचाराचे कलम लावता येत नाही.