बीजगणिताचे गुण आणि फुटबॉलचे मैदान

१७ डिसेंबर १९८८ रोजी ऑस्टिन येथील विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये टेक्सास राज्याच्या हायस्कूल फुटबॉल स्पर्धेचा एक उपान्त्य सामना झाला. डॅलसच्या डेव्हिड डब्ल्यू. कार्टर हायस्कूलने ओडेसाच्या पर्मियन हायस्कूलला १४-९ असे हरवले आणि पुढच्या आठवड्यात अंतिम सामनाही जिंकला. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, आपल्या ओळखीच्या फुटबॉलशी त्याचे नावापलीकडे फारसे नाते नाही.) हा सामना साहित्याच्या वाचकांना ठाऊक असतो तो एच. जी. बिसिंगर यांच्या १९९०च्या 'फ्रायडे नाइट लाइट्स' या पुस्तकामुळे. फिलाडेल्फियातील एका वृत्तपत्रातली नोकरी सोडून बिसिंगर त्या हंगामासाठी सहकुटुंब ओडेसाला जाऊन राहिले होते आणि पर्मियनच्या मुलांबरोबर त्यांनी तो काळ काढला होता. पुस्तकाची परिणती या सामन्यात आहे. मला मात्र त्या पुस्तकात पुन्हापुन्हा परत जावेसे वाटते ते मैदानाबाहेरच्या एका प्रकरणासाठी. कार्टर हायस्कूलच्या एका खेळाडूला बीजगणितात सहा आठवड्यांच्या सत्रात किती गुण मिळाले, या एका प्रश्नावर जवळजवळ दोन महिने एक शाळा, एक शिक्षण-मंडळ, राज्याचे शिक्षण आयुक्त आणि एकाहून अधिक न्यायालये झुंजत होती. हे का घडले हे समजून घ्यायचे तर त्या गुणांमागचा नियम आणि त्या नियमामागचा इतिहास पाहावा लागतो.

टेक्सासमधील शालेय स्पर्धांचे नियमन करणारी संस्था म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग. तिची सुरुवात खेळांपासून झालेली नाही, हे आमच्यासारख्या भाषेच्या मास्तरांना सुखावणारे आहे. १९१०मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या पुढाकाराने हायस्कूलांची एक वादविवाद संघटना स्थापन झाली. क्रीडास्पर्धांची संघटना तिच्यात विलीन झाली ती १९१३मध्ये. वक्तृत्वाच्या घरात फुटबॉल पाहुणा म्हणून आला आणि काही वर्षांतच घराचा मालक होऊन बसला. हे घर सर्वांसाठी खुले नव्हते हेही नोंदवायला हवे. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांसाठी १९२०पासून वेगळी संघटना होती आणि ती पूर्णपणे विसर्जित व्हायला १९७० साल उजाडावे लागले. कार्टर हायस्कूल हे डॅलसमधील बहुसंख्य कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे हायस्कूल होते, तर पर्मियन ही मुख्यतः गौरवर्णीयांची शाळा म्हणून उभी राहिलेली होती. १९८८च्या वादात जो विखार होता त्यातला बराचसा या जुन्या हिशेबातून आला होता.

खेळाडू-विद्यार्थ्यांच्या पात्रतेचे नियम तसे पाहता अमेरिकेतील शालेय खेळांइतकेच जुने. विसाव्या शतकाच्या आरंभी ठिकठिकाणी संघटना निघाल्या त्याचे एक मोठे कारण फसवणूक हे होते. शाळेचे नाव लावून भलत्याच प्रौढ गड्यांना मैदानात उतरवले जाई, आणि म्हणून वयाची मर्यादा, पटावर नाव असण्याची अट, शाळा बदलल्यास काही काळ खेळण्यास बंदी असे नियम आले. 'हा मुलगा खरोखरच विद्यार्थी आहे काय?' एवढाच त्यांचा प्रश्न होता. अभ्यासाची अटही असे. पण ती मोजक्या विषयांत उत्तीर्ण होण्याची, भागवून नेता येण्यासारखी होती. १९८४मध्ये टेक्सासने हा प्रश्नच बदलला.

पार्श्वभूमी अशी : एप्रिल १९८३मध्ये 'अ नेशन ॲट रिस्क' हा केंद्रीय अहवाल प्रसिद्ध झाला आणि अमेरिकन शाळांच्या घसरणीची चर्चा देशभर सुरू झाली. शिक्षकांचे पगार वाढवू असे आश्वासन देऊन १९८२मध्ये निवडून आलेले टेक्सासचे गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी शिक्षणसुधारणेसाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद रॉस पेरो या संगणक-उद्योगपतीकडे दिले. (पुढे १९९२मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अपक्ष म्हणून लढवणारे ते हेच.) पेरो पगारवाढीचा हिशेब मांडून थांबतील अशी अपेक्षा असावी. ते राज्यभर फिरले आणि शाळांचा वेळ जातो कुठे हे विचारू लागले. फुटबॉल, बँड, पशुप्रदर्शने यांच्यासाठी मुले दिवसेंदिवस वर्गाबाहेर असतात. बक्षिसाची कोंबडी घेऊन जत्रेला गेलेला मुलगा शाळेच्या लेखी हजरच असतो. अशा गोष्टी ते भर सभांत सांगत आणि हशा पिकवत. टेक्सासमध्ये फुटबॉलवर बोट ठेवणे म्हणजे पंढरपुरात वारीवर बोट ठेवण्यासारखे. तरीही १९८४च्या उन्हाळ्यात विधिमंडळाच्या खास अधिवेशनात 'हाउस बिल ७२' संमत झाले. त्यात शिक्षकांची पगारवाढ होती, प्राथमिक वर्गांत बावीसच्या वर मुले नकोत ही मर्यादा होती, गरीब विभागांना अधिक निधी होता, शिक्षकांचीच परीक्षा घेण्याची तरतूद होती आणि या साऱ्यासाठी करवाढही होती. लोकांच्या लक्षात राहिले ते मात्र एकच कलम : 'नो पास, नो प्ले'.

कलम सोपे होते. सहा आठवड्यांच्या सत्रात कोणत्याही एका विषयात सत्तरपेक्षा कमी गुण मिळाले, तर पुढचे सहा आठवडे त्या विद्यार्थ्याला कोणत्याही अभ्यासेतर स्पर्धेत भाग घेता येणार नाही. इथे 'कोणत्याही एका' हे शब्द महत्त्वाचे. दहा-बारा आठवड्यांच्या हंगामात सहा आठवडे म्हणजे निम्मा हंगाम. अपवाद ठेवला होता तो वरच्या दर्जाच्या, प्रगत अभ्यासक्रमांपुरता. त्यात अनुत्तीर्ण झालेल्याला मुख्याध्यापक सूट देऊ शकत. म्हणजे हुशार मुलगा अवघड गणितात नापास झाला तर खेळू शकेल, साधारण मुलगा साध्या गणितात नापास झाला तर नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, मुलांनी कठीण विषय टाळू नयेत असा होता. पण या अपवादाचा लाभ कोणाला होणार हे कळायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

१९८५च्या वसंत सत्रात नियम लागू झाला आणि पालक न्यायालयात गेले. ह्यूस्टनच्या एका जिल्हा न्यायालयाने नियमाला तात्पुरती स्थगितीही दिली. परंतु जुलै १९८५मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 'स्प्रिंग ब्रँच इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध स्टामोस' या खटल्यात नियम वैध ठरवला. अभ्यासेतर स्पर्धांत भाग घेणे हा मूलभूत हक्क नव्हे, आणि शिक्षणाचा दर्जा राखणे हा राज्याचा रास्त हेतू असून नियमाचा त्या हेतूशी सुसंगत संबंध आहे, असा निकालाचा आशय होता. न्यायालयाचे म्हणणे कायद्याच्या चौकटीत बिनचूक होते. ओडेसासारख्या तेलावर जगणाऱ्या आणि तेलाचे भाव कोसळल्यावर कोसळलेल्या गावात शुक्रवारची रात्र अभ्यासेतर होती असे मात्र कोणी म्हणाले नसते. बाकीचा आठवडाच फुटबॉलेतर होता. १९८६च्या निवडणुकीत मार्क व्हाइट पराभूत झाले. तेलाची मंदी आणि करवाढ ही कारणे होतीच, पण फुटबॉल प्रशिक्षकांच्या रोषाचा उल्लेख केल्याशिवाय त्या पराभवाची हकीकत टेक्सासमध्ये कोणी सांगत नाही.

आता कार्टर हायस्कूलकडे येऊ. १९८८च्या शरद ऋतूत तिथल्या एका खेळाडूला बीजगणिताच्या दुसऱ्या पातळीच्या वर्गात शिक्षकाने अनुत्तीर्ण केले. नियमाप्रमाणे तो अपात्र. परंतु मुख्याध्यापकांच्या पातळीवर गुण बदलले गेले आणि तो खेळत राहिला. चाचण्या, गृहपाठ, वर्गातील सहभाग यांना किती भार द्यायचा याची शाळेने स्वतःची पद्धत ठरवलेली होती. शिक्षकाने ती पाळली नाही असे शाळेचे म्हणणे, तर मुलगा नापास होता आणि नापासच आहे असे शिक्षकाचे. तक्रार झाली. डॅलसच्या शिक्षण-मंडळाने शाळेच्या बाजूने कौल दिला, राज्याचे शिक्षण आयुक्त विल्यम कर्बी यांनी उलट दिला. कार्टरच्या जागी पुढे जाऊ पाहणारी दुसरी शाळा वादात उतरली. पालक न्यायालयात गेले. स्थगिती, स्थगितीवर स्थगिती, डॅलसहून ऑस्टिन, असा प्रवास करत प्रकरण स्पर्धेच्या बरोबरीने पुढे सरकत राहिले आणि अखेरीस न्यायाधीशांनी कार्टरला खेळू दिले.

बिसिंगर यांनी हा भाग लिहिताना एका वर्गशिक्षकाची गुणवही न्यायालयाच्या मेजावर कशी उघडली गेली हे संयमाने सांगितले आहे. ज्यांनी कधी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले आहेत त्यांच्या अंगावर तो भाग वाचताना काटा येतो. आपण दिलेला गुण हा आपला अंदाज असतो, हे आपल्याला ठाऊक असते. अडुसष्ट आणि सत्तर यांच्यात खरोखर काय फरक असतो? कधी एक गृहपाठ, कधी त्या दिवशीची आपली झोप. एरवी हा अंदाज कुणी तपासत नाही म्हणून तो खपून जातो. टेक्सासच्या नियमाने त्या अंदाजावर एका गावाचा हंगाम, एका मुलाची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आणि राज्यपद यांचे ओझे ठेवले. मराठीत आपण परीक्षेतल्या आकड्याला आणि माणसाच्या चांगुलपणाला 'गुण' हा एकच शब्द वापरतो. इंग्रजीत ती सोय नाही, तरी डॅलसमध्ये नेमकी हीच गल्लत झाली : आकडा हे त्या मुलाच्या, त्याच्या शाळेच्या, आणि न बोलता त्याच्या समाजाच्या लायकीचे प्रमाणपत्र होऊन बसले. आपल्याकडे व्यवहार उलटा आहे. महाराष्ट्रात राज्य वा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला वाढीव क्रीडागुण मिळतात; इथे मैदान गुण देते, तिथे गुण मैदान देतात.

मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. 'हाउस बिल ७२' शिक्षकाची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी आले होते. मैदानावरचा प्रशिक्षक श्रेष्ठ की वर्गातला शिक्षक, या झगड्यात राज्याने शिक्षकाच्या हातात सत्तर गुणांचे शस्त्र दिले. पण शस्त्र देणारे ऑस्टिनला बसले होते आणि ते चालवणारा त्याच शाळेत, त्याच मुख्याध्यापकाच्या हाताखाली, त्याच पालकांसमोर उभा होता. कार्टरच्या त्या शिक्षकाने नियम सांगत होता तेवढेच केले. हंगाम संपल्यावर त्याच्या कामावर असमाधानकारक असा शेरा पडला आणि त्याची बदली दुसऱ्या शाळेत, गणिताबाहेरच्या विषयावर झाली. त्या गावोगावच्या शेकडो शिक्षकांनी, ज्यांची प्रकरणे न्यायालयात गेली नाहीत, अडुसष्टचे सत्तर मुकाट्याने केले असतील काय? त्याची नोंद कुठल्याच गुणवहीत सापडणार नाही. पर्मियनचे चित्र बिसिंगर यांनी काही वेगळे रंगवलेले नाही. तिथे खेळाडूंचे विषयच असे बेताचे होते आणि वर्गातल्या अपेक्षा इतक्या माफक की वाद उद्भवावा असे फारसे काही नव्हते. उत्तीर्ण होणे सोपे केले की नियम पाळला जातो. कार्टरचा तो मुलगा निदान बीजगणिताच्या दुसऱ्या पातळीच्या वर्गात बसला होता.

पुढे जे घडले त्याने या प्रश्नावर विचार करणे आणखी अवघड करून ठेवले. १९८९मध्ये कार्टरचे काही खेळाडू सशस्त्र दरोड्यांच्या गुन्ह्यांत सापडले आणि त्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. ज्याच्या गुणांवरून एवढे रणकंदन झाले तोही त्यांत होता. मग अनेकांना सगळे आपोआप सिद्ध झाल्यासारखे वाटले. दरोड्याने बीजगणिताचे उत्तर चुकीचे ठरत नाही, आणि बरोबरही ठरत नाही, हे तेव्हा कोण म्हणणार? १९९१मध्ये अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल कार्टरचे राज्यपद काढून घेण्यात आले.

नियम मात्र टिकला. १९९५मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने त्याची धार बोथट केली : सहा आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांनी गुण सुधारलेले दिसले तर विद्यार्थी परत खेळू शकेल. इतर अनेक राज्यांतही या ना त्या स्वरूपात असेच नियम आले. खेळण्याच्या ओढीने मुले अभ्यासाला लागतात असे सांगणारे शिक्षक पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे मानण्याचे कारण नाही. शाळेत येण्याचे ज्याच्यापाशी खेळाखेरीज दुसरे कारणच नाही, तो सहा आठवडे बाहेर बसल्यावर काय करतो, हे सांगणारेही भेटतात.

२००४मध्ये 'फ्रायडे नाइट लाइट्स'वर चित्रपट निघाला. त्यात कार्टर आणि पर्मियन यांची गाठ उपान्त्य सामन्यात न पडता थेट अंतिम सामन्यात पडते, तीही ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये, आणि बीजगणिताचा वर्ग, गुणवही, आयुक्त, न्यायाधीश हे सारे गाळलेले आहे. पडद्यावर उरतात ती दोन बलाढ्य पथके आणि शेवटचे काही इंच. कार्टरची बाजू सांगणारा 'कार्टर हाय' हा चित्रपट २०१५मध्ये आला. राज्यविजेत्यांच्या अधिकृत यादीत १९८८ सालापुढे नाव आहे ते कार्टरने अंतिम सामन्यात हरवलेल्या कन्व्हर्स जडसन हायस्कूलचे.