दिनविशेष : बर्लिनमध्ये वऱ्हाडचा मल्लखांब
१ ऑगस्ट १९३६

जर्मनीतील बर्लिन येथे १ ऑगस्ट १९३६ रोजी अकराव्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. या ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे मल्लखांब, कबड्डी आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. युरोपीय जिम्नॅस्टिक्सचे एक आद्य प्रवर्तक फ्रेडरिक लुडविग यान यांनी १८११ मध्ये याच शहरातील हाझेनहाइडे येथे खुले व्यायाम मैदान सुरू केले होते.

या दोन्ही घटनांचे मोल आजही कमी झालेले नाही. यान यांनी व्यायाम उघड्या मैदानात आणून तरुणांना खुला केला. आपल्या तालमींनीही हेच काम केले. एरंडेल चोळलेला गुळगुळीत खांब, त्याला मांड्यांची घट्ट पकड आणि पायाचा अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरलेला दोर, एवढ्यावर शरीर डौलदार होते आणि मनातली भीती जाते.

बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या ऊसपट्ट्यातील गावांनी हे ध्यानात घ्यावे. शाळेच्या आवारात एक खांब रोवायला, एक दोर टांगायला मोठी इमारत लागत नाही. जाणता वस्ताद आणि खाली मऊ माती मात्र हवीच. कबड्डी आज आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ आहे, मल्लखांब राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत खेळला जातो. खेळाचा तास अभ्यासाला देऊन टाकण्याची सवय शाळांनी आता सोडावी. मुलामुलींचा तो हक्काचा तास आहे.