महामारी आणि वैद्यकांची नियतकालिके

वैद्यकातील नवा शोध छापून यावयास एरवी महिनोन्महिने लागतात. लेख संपादकाकडे जातो, त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तो तपासतात, शंका काढतात, मग तो छापला जातो. महामारी आली की ही रीत मोडते. मात्र सारा दोष घाईचा, असे जे सरसकट म्हटले जाते, ते आम्हांस मान्य नाही.

घाई जुनीच आहे. जून १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग चालू असता जपानचे कितासातो व पाश्चर यांच्या परंपरेतले येर्सिन तीन दिवसांच्या अंतराने तेथे पोचले. कितासातोंना इस्पितळ खुले होते. येर्सिनला प्रेते मिळेनात, तेव्हा त्याने खलाशांना चिरीमिरी दिली आणि गवती झोपडीत आपले काम मांडले. कितासातोंचा लेख ऑगस्टमध्येच लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला, पण जंतूचे वर्णन संदिग्ध राहिले. येर्सिनचा लेखही त्याच वर्षीचा. त्याचे वर्णन नेमके ठरले व जंतूला आज त्याचे नाव आहे.

आता २०२० कडे येऊ. ११ जानेवारीस चीनमधील झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या विषाणूची जनुकीय संहिता कोणत्याही मासिकाची वाट न पाहता जगापुढे ठेवली. लशींचे काम त्यावरून सुरू झाले. घाई येथेही होतीच.

उलट, २२ मे रोजी ‘लॅन्सेट’ने जाणकारांकडून तपासून एक लेख छापला. ६७१ इस्पितळे, ९६,०३२ रुग्ण. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांत मृत्यू अधिक, असा निष्कर्ष. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी थांबवली. आकडे सर्जिस्फिअर या अमेरिकन कंपनीचे, आणि कंपनीचा चालक लेखकांपैकीच एक. शंभरावर संशोधकांनी जाहीर पत्र काढून विचारले, ही इस्पितळे कोणती? कराराची गुप्तता पुढे करून कंपनीने मूळ नोंदी तपासनिसांनाही दिल्या नाहीत. आमचे उभे आयुष्य हजेरीपट आणि पगारपत्रके मागण्यात गेले. बेरीज कितीही सुबक असो, वही दाखवीत नाहीत तेथे आम्ही सही करीत नाही! ४ जूनला चौघांपैकी तिघा लेखकांनी लेख मागे घेतला. याच मासिकाला १९९८ चा, गोवराच्या लशीवर संशय घेणारा लेख रद्द करावयास २०१० उजाडले होते. या वेळी तेरा दिवस पुरले.

त्याच जूनच्या १६ तारखेस ऑक्सफर्डच्या संशोधकांनी डेक्सामेथासोनचा निकाल लेखाआधीच पत्रक काढून सांगितला. कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले होते. यावरही कुरकुर झाली. पण चाचणीचा आराखडा आधीपासून उघड होता, रुग्ण ब्रिटनच्या सार्वजनिक इस्पितळांतले होते, आणि सहा दिवसांत कच्चा लेखही सर्वांपुढे आला. निकाल टिकला. औषध जुने आणि स्वस्त. २७ जूनला भारत सरकारच्या उपचारपद्धतीत ते दाखल झाले. लेख मासिकात आला तो त्यानंतर, जुलैत.