वसईचीं घरें आणि पाऊस

वसईचा इतिहास म्हटला कीं चिमाजी आप्पांचा वेढा, तटाखालीं उडालेले सुरुंग आणि बुरुजावर चढलेलें भगवें निशाण हेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें स्वाभाविकच आहे. परंतु वसईच्या इमारतींची सर्वांत अधिक नासधूस ज्यानें केली तो शत्रु निराळाच. तो दर वर्षीं ज्येष्ठांत नैर्ऋत्येकडून समुद्र ओलांडून येतो, चार महिन्यांत सुमारें ८० ते ९० इंच पाणी ओततो आणि आश्विनांत निघून जातो. त्याच्याशीं तह करतां येत नाहीं. या पावसापासून घराचें रक्षण करण्यासाठीं वसईकरांनीं भिंतींवर आणि छपरावर काय काय घातलें, याची हकीकत वेढ्याच्या हकीकतीइतकी गाजलेली नाहीं. तथापि घर बांधूं किंवा दुरुस्त करूं इच्छिणारास ती अधिक उपयोगी पडेल. या सर्व हकीकतीत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. जें आवरण दर वर्षीं परतून, सारवून, डागडुजी करून घेतलें तें पिढ्यान्‌पिढ्या टिकलें. आणि जें एकदांच करून विसरावयाचें म्हणून आलें त्यानें बहुधा दगा दिला.

कोंकणचा पाऊस सरळ पडत नाहीं, ही पहिली अडचण. देशावरच्या माणसास छपराची काळजी पुरेशी होते. समुद्रकांठच्या माणसास भिंतीलाहि एक छप्पर लागतें. वाऱ्याबरोबर झड येते ती आडवी येते, आणि पश्चिम-दक्षिणेकडील भिंती तासन्‌तास भिजत राहतात. यावर सर्वांत जुना आणि आजहि शहाणपणाचा वाटणारा उपाय म्हणजे वळचण खालीं ओढणें. जुन्या घरांची वळचण इतकी खालीं असे कीं उंच माणसास पडवींत शिरतांना मान लववावी लागे. भिंतीवर पडावयाचें पाणी त्यामुळें पागोळ्यांच्या रूपानें भिंतीपासून दोन हात दूर अंगणांत पडे.

या प्रदेशांतील वारली व इतर आदिवासी यांच्या घराची भिंत म्हणजे कारवीचा कूड. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, आडव्या बांधून, त्यांवर दोन्ही अंगांनीं माती व शेण यांचा लेप द्यावयाचा. या लेपावरच तांदळाच्या पिठानें पांढरीं चित्रें काढण्याची वारल्यांची कला आज जगभर पोंचली आहे. छपरास गवत किंवा भाताचा पेंढा. पावसापूर्वीं घर शाकारावयाचें, आणि झडीच्या बाजूस ताडाच्या पानांचा किंवा माडाच्या झावळ्यांचा पडदा उभा बांधावयाचा. चार महिने हीं पानें भिजतात, कुजतात, आणि त्यांच्यामागची मातीची भिंत मात्र कोरडी राहते. पावसाळा संपला कीं पडदा उतरवून चुलींत घालावयाचा. भिंतीपुढें एक स्वस्त कातडें टांगून पाणी त्याच्यावरच झेलावें, आणि मध्यें वारा खेळण्यास जागा ठेवावी, ही युक्ति आजचे स्थापत्यशास्त्रज्ञहि मोठमोठ्या इमारतींना सांगतात. वारल्यांना ती सांगावयास कोणी आला नव्हता.

ज्याची ऐपत थोडी अधिक त्याच्या घरावर नळीचीं कौलें आलीं. कुंभार चाकावर मातीचा नळा ओढी, तो ओला असतांनाच उभा चिरून त्याचे दोन भाग करी आणि भट्टींत भाजी. एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यावर दुसरी पालथी, अशीं हीं कौलें पाख्यावर बसतात; त्यांना धरून ठेवणारें असें कांहीं नसतें, केवळ स्वतःचें वजन. त्यामुळें मांजर धांवलें, कावळ्यानें चोंच मारली, वानर उतरलें कीं कौल सरकावें आणि माजघरांत गळती लागावी! म्हणून वैशाखांत नळे परतणें हें घरोघरीं ठरलेलें काम असे. फुटकें कौल काढावयाचें, कुजलेली रीप बदलावयाची, वाळवी लागलेला वासा ठोकून पाहावयाचा. या कामाचा कंटाळा पुष्कळांनीं केला असेल. पण छपराचा प्रत्येक हात वर्षांतून एकदां माणसाच्या नजरेखालून जात असे, हा त्याचा खरा लाभ.

इ. स. १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढें दोनशें वर्षें येथें दगड-चुन्याचें राज्य चाललें. १६७५ च्या सुमारास इंग्रज वैद्य जॉन फ्रायर वसईस आला, तेव्हां त्याला दुमजली भव्य वाडे, झांकलेले सज्जे आणि मोठाल्या खिडक्या दिसल्या. त्या खिडक्यांना कांचेऐवजीं शिंपल्यांच्या चकत्या बसविलेल्या होत्या. या चपट्या शिंपल्या किंचित् पारदर्शक असतात. त्यांतून उजेड येतो, ऊन सौम्य होतें आणि झड बाहेरच राहते. कांच दूर देशाहून गलबतानें आणावी लागे, शिंपली किनाऱ्यावर मिळे. फिरंग्यांनीं पुष्कळ गोष्टी येथें बळानें लादल्या, परंतु घराच्या बाबतींत ते येथल्या हवेचे विद्यार्थी झाले असें म्हणणें भाग आहे.

त्यांच्या भिंतींचें मर्म चुन्यांत होतें. चुनखडी किंवा शिंपले भट्टींत भाजले कीं कळीचा चुना होतो. तो पाण्यांत विरजावयाचा, मुरूं द्यावयाचा, मग वाळू किंवा विटांची सुरखी घालून बैलाच्या घाणींत मळावयाचा. कोणी त्यांत गुळाचें पाणी व हिरड्याचा काढा घाली. भिंतीवर बसल्यावर हा चुना हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे जेथून निघाला तेथेंच परततो. त्याला बारीक छिद्रें राहतात. भिंतींत शिरलेलें पाणी या छिद्रांतून उन्हाळ्यांत बाहेर निघून जातें. चुन्याचा गिलावा झिजतो, हें खरें आहे. पण तो झिजतो म्हणूनच आंतला दगड झिजत नाहीं, आणि गिलावा पुन्हा करतां येतो.

छप्पर मात्र लांकडाचें व कौलांचें होतें, आणि तेथेंच वसईचा नाश लिहिलेला होता. १६१८ च्या मे महिन्यांत झालेल्या भयंकर वादळानें वसईचीं देवळें व मठ यांची दाणादाण उडविली होती. परंतु तेव्हां दुरुस्ती करावयास धनी घरांत होता. १७३९ च्या मे महिन्यांत किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन झाला, पोर्तुगीज कुटुंबें निघून गेलीं, आणि त्या प्रचंड मंदिरांचे नळे परतणारा कोणी उरला नाहीं. पुढें १८१८ नंतर तर इंग्रजांना या गांवाचें महत्त्वच वाटेनासें झालें. आज किल्ल्यांत शिरणारास जें दिसतें तें मोठें बोधप्रद आहे. चर्चच्या मुख्य दालनांवर आकाश आहे. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चमध्यें तर जमिनींत बसविलेल्या थडग्यांच्या शिळांवर प्रत्यक्ष पाऊस पडतो. पण जेथें वेदीवर दगड-चुन्याची कमान वळविली होती तेथें ती कमान कांहीं ठिकाणीं अद्याप डोक्यावर आहे. लांकूड गेलें, कमान राहिली.

छप्पर गेलें म्हणजे केवळ घर ओलें होतें असें नव्हे. भिंतीचा माथा उघडा पडतो. भिंत बाजूनें कितीहि पाऊस सोसेल, पण माथ्यावरून शिरलेलें पाणी तिच्या पोटांत उतरतें, आंतला चुना धुवून नेतें, आणि त्या फटींत पिंपळाचें बीं पडतें. पुढचें काम पिंपळ करतो. तोफेचा गोळा एक भोंक पाडून थांबतो; पिंपळ थांबत नाहीं.

याच वसईच्या दगडाची एक गोष्ट गोव्यांत घडली आहे, ती येथें सांगण्याजोगी आहे. जुन्या गोव्यांतील बॉम जेझुसच्या बासिलिकेची दर्शनी नक्षी ज्या काळ्या दगडांत कोरली आहे तो दगड वसईहून नेलेला. बाकीची इमारत जांभ्या दगडाची. हिचें काम १५९४ मध्यें सुरू होऊन १६०५ मध्यें तिचें उद्‌घाटन झालें, आणि तेव्हांपासून साडेतीनशें वर्षें तिच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत पोर्तुगीज सरकारच्या एका वास्तुशास्त्रज्ञानें तो गिलावा खरवडून काढविला. उघडा तांबडा दगड अधिक प्राचीन, अधिक रम्य दिसेल अशी कल्पना! जांभा खाणींतून निघतो तेव्हां मऊ असतो, हवेनें कठीण होतो. पण तो सच्छिद्र असतो, आणि सतत पावसांत राहिला कीं त्यांतील मऊ माती धुपून पोकळ्या पडतात. तेंच तेथें होत आहे. गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी जाणत्यांनीं केली. पण तांबड्या भिंतीच लोकांच्या इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत कीं पांढरा गिलावा हाच त्यांना अपराध वाटतो. चित्रांत शोभणारी भिंत आणि पावसांत टिकणारी भिंत या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हें शहरांतील सुशिक्षित घरबांधणारानेंहि ध्यानांत घ्यावें. कारण उघड्या जांभ्याचीं घरें बांधण्याची हौस हल्लीं पुष्कळांस आहे.

एकोणिसाव्या शतकांत छपराच्या इतिहासानें मोठें वळण घेतलें. एकमेकांत अडकणारें कौल फ्रान्समध्यें आल्सास प्रांतांतील गिलार्दोनी बंधूंनीं १८४१ मध्यें पेटंट केलें होतें. बाझेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यानें त्या जातीचें कौल मंगळुरास नेत्रावतीच्या कांठच्या चिकणमातींत उतरविलें, आणि १८६५ मध्यें मिशनचा कारखाना जेप्पू येथें सुरू झाला. हें मंगळुरी कौल यंत्राच्या दाबानें घडतें. त्याला मागें खुंट्या असतात, त्या रिपेला धरतात; कडेला खांचा असतात, त्या शेजारच्या कौलांत बसतात. १०० चौरस फूट पाख्यास सुमारें १४० ते १५० कौलें पुरतात, आणि दुहेरी नळ्यांपेक्षां भार कमी पडत असल्यामुळें लांकूडहि कमी लागतें. मंगळूर दूर असलें तरी समुद्राचा मार्ग स्वस्त होता, आणि १८६४ मध्यें वसईच्या खाडीवरून रेल्वे मुंबईकडे गेल्यावर तर मुंबईचा सर्वच माल दारांत आला. जुन्या वसईंत, आगाशीस, निर्मळास आज जीं सुबक कौलारू घरें उरलीं आहेत त्यांतील पुष्कळांच्या माथ्यावर हींच लाल कौलें आहेत. त्यांना मर्यादा आहे ती उताराची. पाखा निजला कीं झडीचें पाणी खांचेंतून उलटें वर चढतें. शोभेसाठीं छप्पर बसकें करणारानें हें कौल वापरूं नये.

त्याच शतकांत पत्राहि आला. पत्र्यास पन्हळी पाडल्यानें तो पातळ असूनहि वांकत नाहीं, हें लंडनच्या गोदींचा इंजिनीयर हेन्री पामर यानें ओळखून १८२९ मध्यें पेटंट घेतलें. जस्ताचा मुलामा देण्याची युक्ति फ्रान्सांत सोरेल यानें १८३७ मध्यें प्रचारांत आणली. लवकर होतें, हलकें असतें, मांजराला दाद देत नाहीं. परंतु उन्हांत घराची भट्टी होते, पावसांत बोललेलें ऐकूं येत नाहीं, आणि समुद्राची खारी हवा आधीं जस्त आणि मग लोखंड खाते; खिळ्याच्या भोंकापासून आरंभ होतो. नंतर १९०१ मध्यें ऑस्ट्रियाच्या लुडविग हाट्‌शेक यानें सिमेंट व अ‍ॅस्बेस्टॉस यांचा पत्रा काढला. हा गंजत नाहीं, म्हणून किनाऱ्यावर त्याचा मोठा बोलबाला झाला. पण या तंतूंची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली म्हणजे वर्षानुवर्षांनीं असाध्य रोग व कर्करोग उद्भवतो, हें पुढें निर्विवाद ठरलें. ज्यांच्या घरावर असे जुने पत्रे आहेत त्यांनीं ते स्वतः कापूं, घासूं वा फोडूं नयेत. अखंड पत्रा तितका घातक नसतो, फुटलेला असतो.

आतां राहिला सिमेंटचा काळ, म्हणजे आपला. वसई व विरार यांच्या दरम्यान चाळी, बंगले आणि मग उंच इमारती उठल्या, तेव्हां पाखे गेले आणि सपाट गच्च्या आल्या. ८०-९० इंच पावसाच्या प्रदेशांत छपराचा उतार काढून टाकणें हें मोठेंच धाडस होय. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून पाणी वळवितात. तोहि चांगला झाला तर टिकतो. पण उन्हानें भेग पडते, भेगेंतून खारट ओल सळईपर्यंत जाते, सळई गंजून फुगते आणि वरचें सिमेंट फोडून बाहेर येते. खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर मीठ आरंभापासूनच आंत असतें. ज्या गच्च्यांनीं कौलांना घालविलें त्यांपैकीं कितीतरी गच्च्यांवर आज लोखंडी खांब रोवून उतरत्या पत्र्यांची मंडपी घातलेली आगगाडींतूनहि दिसते. पाखा परत आला, फक्त सातव्या मजल्यावर!

सर्वांत दुःखाची गोष्ट जुन्या घरांची आहे. आजोबांच्या वेळची चुन्याची भिंत जरा ओली दिसूं लागली कीं तिच्यावर सिमेंटचा कडक थर देण्याची सल्ला सहज मिळते. त्या थराखालीं ओल कोंडते, मिठाचे स्फटिक होऊन आंतला नरम दगड किंवा वीट भुगा होते, आणि कांहीं वर्षांनीं तो थर भिंतीची कातडी घेऊनच गळून पडतो. अशी भिंत ज्यांच्या घरांत आहे त्यांनीं क्रम बदलूं नये. प्रथम छप्पर नीट करावें, वळचण पुढें काढावी, भिंतीचा माथा बंद करावा. जोत्याजवळ सांचणारें पाणी वळवावें. सिमेंटचे जुने लेप हलक्या हातानें काढून एक उन्हाळा भिंत तशीच उघडी सुकूं द्यावी; पुढचा पावसाळा तिच्यापुढें झावळ्यांचा किंवा ताडपत्रीचा पडदा टांगून काढावा. मगच चुन्याचा गिलावा, पातळ थरांनीं, आणि तोहि दसरा उलटल्यावर. तेव्हां झड संपलेली असते, ऊन अजून कडक झालेलें नसतें, आणि गवंड्यानें रोज दोन वेळां पाणी शिंपडलें तर चुन्याला सावकाश घट्ट होण्यास पुढच्या ज्येष्ठापर्यंत सात-आठ महिने मिळतात.