पावसाळ्यात तडकणारं पितळ

ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या दारूगोळ्याला एक चमत्कारिक दुखणं जडलं होतं. पेटीत नीट रचून ठेवलेली रायफलची काडतुसं पावसाळा सरल्यावर बाहेर काढली, की काहींच्या मानेला उभी चीर गेलेली दिसायची. ती कुणी झाडलेली नसत, आपटलेली नसत, गंजलेलीही फारशी नसत. पितळ जागच्या जागी फाटलेलं असे. पावसाच्या हंगामात हे घडतं म्हणून इंग्रजांनी त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव दिलं आणि धातुशास्त्राच्या पुस्तकांत ते नाव अजून टिकून आहे. ज्या मुलखात आजीच्या लग्नातली पितळेची कळशी नातसुनेच्या हातात धडधाकट येते, त्याच मुलखात त्याच धातूची काडतुसाची पुंगळी चार महिन्यांत का तडकावी? वापरलेल्या पुंगळ्या विकत घेऊन त्या पुन्हा भरणारा परदेशातला नेमबाज पुंगळीची मान तापवून घेतो, त्या रीतीचं एक जाड मूळ या प्रश्नात आहे. म्हणून पुंगळीची कुळकथा सांगताना मी तडकलेल्या पुंगळीपाशी थांबणार आहे.

मुळात पुंगळी हीच उशिराची वस्तू. 1853 च्या एन्फिल्ड रायफलचं काडतूस कागदाचं होतं. दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली. शिपायाने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. त्या कागदावरच्या चरबीवरून 1857 मध्ये काय पेटलं ते आपण शाळेत शिकलो. त्यानंतर दहा वर्षांच्या आत बंदूक तोंडाकडून भरण्याऐवजी मागून भरायची पद्धत फौजेत आली. 1866 मध्ये जुन्या एन्फिल्डच्या मागच्या बाजूला झाकण बसवून स्नायडर रायफल तयार झाली आणि तिच्यासाठी वूलिचच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी धातूचं काडतूस बेतलं. तेही अखंड नव्हतं. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून नळी केलेली आणि तिला लोखंडी बूड जोडलेलं. पुढे 1871 च्या मार्टिनी-हेन्री रायफलमध्ये हीच गुंडाळीची पुंगळी गेली आणि तिथे तिचं पितळ उघडं पडलं. बंदूक तापली की पत्रा आत चिकटायचा, ओढताना बूड सुटून यायचं आणि बाकीची नळी आतच राहायची. 1885 मध्ये सुदानात, अबू क्लीच्या लढाईत, समोर शत्रू असताना शिपायांच्या रायफली अशा अडकल्या. त्यानंतर गुंडाळी गेली आणि एका तुकड्यातून ओढून काढलेली अखंड पितळेची पुंगळी आली. आज जगात दिसते ती हीच.

पितळच का, याचं उत्तर मला या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात देखणं उत्तर वाटतं. दारू पेटली की पुंगळीची भिंत फुगते आणि बंदुकीच्या कप्प्याला घट्ट चिकटते, त्यामुळे तप्त वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येत नाही. दाब उतरला की तीच भिंत केसभर मागे येते आणि पुंगळी सहज निघते. निव्वळ तांबं फुगतं, पण मागे येत नाही. लोखंड गंजतं. 100 भागांत 70 तांबं आणि 30 जस्त असलेलं पितळ दोन्ही कामं करतं. थंड असतानाच ते हवं तसं ओढता येतं, वाकवता येतं, आणि तरी त्यात ताठपणा राहतो.

हे मिश्रण जमवणं पूर्वी सोपं नव्हतं. तांबं वितळायला 1085 अंश सेल्सिअस लागतात आणि जस्त 907 अंशांनाच उकळून वाफ होऊन जातं. ती वाफ खालच्या बाजूला ओढून, थंड करून धातू धरायची युक्ती उदयपूरजवळच्या जावरच्या खाणींत युरोपच्या कित्येक शतकं आधी साधली होती. मातीच्या वांग्यासारख्या मुशींचे ढीग तिथे आजही पडलेले आहेत. पितळ हे आपल्याकडे परकं कधीच नव्हतं. 1883 मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडातही तांब्या-पितळेच्या कामाची दखल आहे, आणि नाशिकचा भांडी बाजार त्या कामाचं नाव अजून चालवतो आहे.

अखंड पुंगळी कशी होते ते पाहिलं की कासार-तांबटांची आठवण येणं अटळ आहे. जाड पत्र्यातून चकती कापतात. चकतीची वाटी करतात. ती वाटी साच्यातून दाबून ओढतात, मग त्याहून अरुंद साच्यातून, मग आणखी अरुंद. भिंत पातळ होत जाते, उंची वाढत जाते, बूड जाडच राहतं. पण प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं. तसंच पुढे रेटलं तर ते फाटतं. म्हणून दर टप्प्याला भट्टीत तापवून मऊ करायचं, वर आलेली काळी साय आम्लात धुवायची आणि पुन्हा ओढायचं. तांबटाच्या दुकानात वेगळं काय होतं? हातोडीखाली पत्रा पसरतो, काही वेळाने आडमुठा होतो, मग त्याला ताव द्यायचा, चिंचेच्या पाण्यात उजळायचं आणि परत ठोकायला घ्यायचं. शेवटचा मठार मात्र तापवून घालवायचा नाही, कारण त्या ठोक्यांनीच भांड्याला अंगचा कडकपणा येतो. कुठे कडक ठेवायचं आणि कुठे मऊ, हे ज्ञान वूलिचने शोधलं असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही. वूलिचने ते यंत्रावर चढवलं आणि लाखांच्या संख्येत केलं, हे श्रेय त्याचं.

आपल्याकडे तो यंत्रावरचा कारभार पुण्याजवळ खडकीला आला. तिथला दारूगोळा कारखाना 1869 चा. 1888 मध्ये ब्रिटिश फौजेने .303 रायफल स्वीकारली. तिची जी काडतुसं खडकीला झाली त्यांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं ठोकलेली असत. जुन्या काडतुसांचे जाणकार ऑस्ट्रेलियापासून अमेरिकेपर्यंत ती अक्षरं ओळखतात. आणि खडकीकडून चाकण, नारायणगाव, संगमनेर करत रस्ता नाशिकला येतो तो सिन्नरवरून.  या रस्त्याच्या एका टोकाला काडतूस घडवणारं खडकी. दुसऱ्या टोकाला नाशिकजवळची देवळाली: इंग्रज शिपायांच्या उतारतळाची जुनी छावणी, आणि आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून आलेल्या तोफखाना प्रशिक्षणाचं ठाणं. तोफखान्याचं पितळ मोठ्या मापाचं. 25 पौंडी तोफेच्या उजळलेल्या पुंगळ्या लष्करी मेसमध्ये फुलदाण्या होऊन उभ्या असतात, आणि काही निवृत्त जवानांच्या घरीही.

आता त्या चिरेकडे वळू. पुंगळीची मान घडवताना तिथलं पितळ आवळलेलं असतं. वरून शांत दिसलं तरी आत ताण कोंडून राहिलेला असतो. एवढ्याने ते तडकत नाही. त्याला अमोनियाची आणि ओलाव्याची जोड लागते. पावसाळ्यात काडतुसांच्या पेट्या कोरड्या राहाव्यात म्हणून पागांच्या आडोशाला ठेवल्या जात, आणि पागेत घोड्यांचं मूत असतं. मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो आणि जिथे ताण आहे नेमकं तिथेच, कणाकणांच्या सांध्यातून आत शिरतो. कळशीला हे का होत नाही, त्याचंही उत्तर यात आलं: ती पागेत राहत नाही. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या वूलिचच्या तिघा संशोधकांनी हे सगळं मांडून दाखवलं. उपायही तापवण्याचाच निघाला. अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास मंद ताप दिला, की धातू फारसा मऊ न पडता आतला ताण निघून जातो. पुंगळीची मान शेवटी तापवून सोडणं पक्कं झालं. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी डाग दिसतो तो या तापाचा. बाजारातल्या काडतुसांवरचा तो डाग कारखाने बहुधा घासून काढतात, लष्करात तो तसाच राहू देतात.

पुंगळी पुन्हा भरायची प्रथा यापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत 1870 च्या दशकात गव्याच्या शिकारीला निघालेले लोक माळरानावरच पुंगळ्या भरत, कारण दुकान शेकडो मैल लांब आणि पितळ महाग. 1884 मध्ये जॉन बार्लो यांनी त्यासाठी चिमट्यासारखं एक हत्यार बाजारात आणलं. इथे एक विलक्षण गोष्ट आहे. आघाताने पेटून दारू पेटवणाऱ्या, बुडातल्या टोपीचे दोन प्रकार झाले. इंग्रज बॉक्सरच्या पद्धतीत टोपीतलं द्रव्य जिच्यावर चेपतं ती ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक, त्यामुळे आतून सळई घालून जुनी टोपी सहज ढकलता येते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग आणि भोकं बाजूला दोन. जुनी टोपी काढणं जिकिरीचं. बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. घरी पुंगळ्या भरण्याचा छंद अमेरिकेत इतका वाढला, याचं बरंच श्रेय त्या मधल्या एका भोकाला द्यायला हवं.

तिथे आजही वापरलेल्या पुंगळ्या वजनावर किंवा हजारांच्या हिशेबाने विकल्या जातात, आणि घेणाऱ्याची परीक्षा थेट धातूची असते. बुडावरची अक्षरं बघून एका कारखान्याच्या एका बाजूला काढायच्या, कारण भिंतीची जाडी कारखान्यागणिक बदलते. मानेला चीर असलेली सरळ बाद. बुडाच्या थोडं वर चमकती रेघ दिसली तर ती धोक्याची: तिथे पितळ ताणून पातळ झालेलं असतं आणि पुढच्या वेळी पुंगळी दोन तुकडे होऊन फुटू शकते. म्हणून आतून तार फिरवून खाच लागते का ते चाचपतात. मशीनगनमधून सुटलेल्या पुंगळ्या स्वस्त मिळतात, पण त्या जास्त फुगलेल्या असतात. लष्करी मालाच्या टोपीभोवती कडा दाबलेली असते, ती तासून काढावी लागते. साच्यात दाबून मूळ मापावर आणलेली पुंगळी दर वेळी मानेशी कडक होत जाते, म्हणून काही फेऱ्यांनंतर तिला ताव द्यावा लागतो. तो मानेलाच. बूड मऊ पडलं तर दाब सहन करणारी जागाच गेली. म्हणून जुने लोक पुंगळ्या उथळ पाण्यात उभ्या करून वरून ज्योत देत, बूड पाण्यात गार राही.

उजळायचं कशाने, यातही पावसाळ्यातला धडा उतरला आहे. कवायतीचे बिल्ले-बक्कल चमकवणाऱ्या ब्रासोत परंपरेने अमोनिया असतो. पुंगळीला तो वर्ज्य. त्याऐवजी अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या बुरकुंड्याचा भुगा घालून पिंपात फिरवतात, नाहीतर सौम्य सायट्रिक आम्लात धुतात. आपल्या स्वयंपाकघरातली चिंच आणि लिंबू हेच काम करतात, आणि ती पितळेला तडा देत नाहीत.

आपल्याकडे हा छंद घरोघरी नाही आणि नसावा हेच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. लष्कराच्या आणि पोलिसांच्या चांदमारीत सुटलेल्या गोळ्यांइतकी खोकी, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, मोजून परत द्यावी लागतात. एनसीसीत गेलेल्या कुणालाही गवतात खोकी शोधलेली दुपार आठवेल. ती .22 ची खोकी मात्र पुन्हा भरायच्या कामाचीच नसतात. तिथे टोपी वेगळी नसते, पेटणारं द्रव्य बुडाच्या काठातच भरलेलं असतं आणि घोड्याच्या आघाताने तो काठ चेपतो. 2024 मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवलं तो 50 मीटरचा प्रकार याच काडतुसाचा. तिथली प्रत्येक पुंगळी एकदाच जगते.

पुंगळीचं पितळ मात्र संपत नाही. फुटकी कळशी मोडीत देऊन घट वजा करून नवं भांडं घ्यायची आपली रीत आहे, तशीच मोजून परत आलेली पुंगळीही शेवटी भट्टीकडे जाते. ते काम जाणत्या हातांचं आहे, कारण ढिगात एखादं न उडालेलं सापडलं तर ते माणूस मारतं. 20 नोव्हेंबर 2018 रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन 6 माणसं गेली, त्यांत रोजंदारीने आलेले आसपासच्या गावचे मजूरही होते. पितळेच्या भावाबद्दल बोलताना ही माणसं विसरता येत नाहीत.

भट्टीत मूस लाल झाली आणि पितळ वितळलं, की पांढरा दाट धूर उठतो. तो जस्ताचा. जेवढं जस्त उडून जातं तेवढं तांब्याचं प्रमाण वाढतं आणि रंग तांबूस होऊ लागतो; म्हणून ओतारी मूस उचलण्याआधी वरून जस्ताचा तुकडा टाकतो, सळईने ढवळतो आणि मगच ओततो.