छित्तराजाचे नाणे: पदवी मांडलिकाची, नाव स्वतःचे

१/ वालधुनीकाठचे अंबरनाथचे शिवालय आपल्या परिचयाचे आहे. तेथील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा. त्यात शिलाहार राजा मुम्मुणी ‘महामंडलेश्वर’ म्हणवतो. ही पदवी सार्वभौम सम्राटाची नव्हे, मांडलिकाची. मग त्याचा सम्राट कोण?

२/ उत्तर कोकणचे शिलाहार मूळचे राष्ट्रकूटांचे मांडलिक. इ.स. ९७३मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूट सत्ता संपवली. शिलाहार अपराजिताने मात्र नव्या सत्तेपुढे मान तुकवली नाही.

३/ भिवंडीजवळच्या भादाणे गावाच्या दानाचा त्याचा ताम्रपट इ.स. ९९७चा. त्यात राष्ट्रकूटांची वंशावळ आहे आणि त्यांच्या अस्ताची खंतही. धनी उरला नव्हता, निष्ठा उरली होती.

४/ अपराजिताचा नातू छित्तराज. अंबरनाथचे देवालय उभारण्यास त्यानेच आरंभ केला, असे मानतात; मुम्मुणी हा त्याचा धाकटा भाऊ. छित्तराजाच्या नावाची चांदीची नाणी सापडली आहेत.

५/ त्या काळी पश्चिम भारतात ‘गधैया’ नाणी चालत. इराणच्या सासानी नाण्यांची ती झिजत गेलेली नक्कल; बहुतेकांवर राजाचे नावच नसे. छित्तराजाने घडण तीच ठेवली, पण त्यावर नागरीत ‘श्री छित्तराज’ ही अक्षरे आणली. कोणा अधिराजाचे नाव तेथे नाही.

६/ तुलनेसाठी रशिया पाहा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या दिमित्री दोन्स्कोयच्या नाण्यांवर एका बाजूस राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस अरबी लिपीत तोख्तामिश खानाचे. एकाच नाण्यावर हक्कही आणि ताबेदारीही!

७/ म्हणून छित्तराजाचे नाणे हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ठरतो का? इथे सावध राहावे. नाण्यावर अधिराजाचे नाव घालण्याची सक्ती आपल्याकडे रूढ नव्हती. त्यामुळे त्या नावाच्या अभावावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. बाजारात आपल्या नावाचे चलन चालावे, एवढी आकांक्षा मात्र त्यातून निश्चित दिसते.

८/ उघड घोषणा पुढे झाली. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात चालुक्य सत्ता ढासळली, तेव्हा दुसऱ्या अपरादित्याने ‘महाराजाधिराज’ आणि ‘कोकणचक्रवर्ती’ ही बिरुदे धारण केली.

९/ तात्पर्य, सत्तेचा दावा एका साधनावरून ठरवू नये. शिलालेखातील पदवी, ताम्रपटातील वंशावळ आणि नाण्यावरील नाव ही तिन्ही शेजारी ठेवून वाचावीत. त्यांचे जिथे जुळत नाही, तिथेच इतिहासाचा खरा प्रश्न उभा राहतो.