कुंपण-सरडा आणि लाइम रोग

अमेरिकेच्या पश्चिम किनारपट्टीवरील सरडा व तेथील गोचिडींतून पसरणारा जीवाणुजन्य रोग यांचा संबंध. सरड्याचे शास्त्रीय नाव स्केलोपोरस ऑक्सिडेंटॅलिस. कुंपणाचे खांब, लाकडांचे ढीग, खडक यांवर तो ऊन खात बसलेला दिसतो. नराचे पोट निळे असते.

लाइम रोग बोरेलिया बर्गडॉर्फेरी या मळसूत्री जीवाणूमुळे होतो. कनेटिकट राज्यातील लाइम परिसरात मुलांना जडलेल्या सांधेदुखीमुळे 1975 च्या सुमारास त्याकडे लक्ष गेले. विली बर्गडॉर्फर व सहकाऱ्यांनी जीवाणूचा शोध 1982 मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिमेकडे त्याची वाहक आयक्झोडीस पॅसिफिकस ही गोचीड होय. ती डिंभ, अर्भक व प्रौढ अशा तीन अवस्थांत प्रत्येकी एकदाच रक्त पिते. अंड्यातून ती निर्जंतुक निघते. जीवाणू तिला उंदीर, खार अशा सस्तन प्राण्यांच्या रक्तातून मिळतो.

कॅलिफोर्नियातील बहुसंख्य डिंभ व अर्भके मात्र या सरड्यालाच चिकटतात, विशेषतः कानामागच्या कातडीच्या घड्यांत. रॉबर्ट लेन आणि गॅरी क्विस्टॅड यांनी 1998 मध्ये दाखवले, की सरड्याच्या रक्तद्रवात हे जीवाणू तासाभरात मरतात. उंदराच्या रक्तद्रवात ते तीन दिवस तग धरतात. रक्तद्रव तापवला की हा गुण जातो. पुढे हे काम रक्तातील रोगप्रतिकारक पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनांचे असल्याचे आढळले. बाधित अर्भक सरड्याचे रक्त प्याले, की तेही जीवाणुमुक्त होते. म्हणून येथे प्रौढ गोचिडी अर्भकांपेक्षा कमी बाधित सापडतात. एरवी उलटे व्हायला हवे, कारण प्रौढ गोचिडीचे एक जेवण जास्त झालेले असते.

यावरून ‘सरडा माणसाचा रक्षक’ ही समजूत रूढ झाली. ती अर्धीच खरी. आंद्रेआ स्वेई व सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील मॅरिन काउंटीत काही भूखंडांवरून सरडे हलवले. रोगाचा धोका वाढेल असा कयास होता, पण 2011 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उलटे निघाले. काही डिंभ वनउंदरांकडे वळले, बहुतेकांना मात्र दुसरा यजमान मिळालाच नाही. परिणामी बाधित अर्भकांची संख्या घटली. सरडा गोचिडींना शुद्ध करतो, तसाच पोसतोही, आणि हिशेबात दुसरी बाजू जड ठरू शकते.

हा गुण सर्व सरड्यांत नाही. युरोपातील काही सरडे बोरेलिया लुसिटानी या जातभाई जीवाणूचे साठेदार आहेत.